लिहायचे आहे? मग गोष्ट दोनदा वाचा



या सदरासाठी जे टपाल येते त्यात कथांची पाकिटे बरीच असतात. वहीचे आखीव कागद, निळी शाई, कोपऱ्याला टाचणी. अलीकडे मोबाईलवर टाईप करून पाठवणारेही आहेत. कुणी पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारा मुलगा, कुणी मानवतला जिनिंगवर कामाला जाणारी बहीण, कुणी जिंतूरकडच्या खेड्यातला तरुण शिक्षक. दिवसभराच्या कामानंतर ही मंडळी लिहायला बसतात, ही गोष्ट साधी नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांना पाटीला हात लावू दिला नाही त्यांची नातवंडे कथा लिहितात, एवढ्यानेच पाकीट फोडताना हात थरथरतो.

पण पाकीट फोडल्यावर जे दिसते तेही सांगितले पाहिजे. दहांपैकी सात कथा एकाच वाक्याने सुरू होतात. माझा जन्म अमुक गावी एका गरीब कुटुंबात झाला. पहिल्या पानावर जन्म, दुसऱ्यावर दुष्काळ, तिसऱ्यावर पाणवठ्यावरचा अपमान, चौथ्यावर बापाचे दारू पिणे आणि आईचे कष्ट, आणि शेवटी दीड पान भाषण. त्यातले सगळे खरे असते. लिहिणाऱ्याने ते सोसलेले असते. तरीही वाचून झाल्यावर ती आई डोळ्यांपुढे उभी राहत नाही. आई नावाची एक आकृती दिसते, जी प्रत्येक पाकिटात सारखीच असते.

अशा लेखकांना आम्ही पत्राने एकच प्रश्न विचारतो, तुम्ही काय वाचता? उत्तर येते, बाबासाहेबांचे खंड वाचतो, वर्तमानपत्र वाचतो, स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचतो. फार चांगली गोष्ट आहे. कथा-कादंबऱ्या? त्याला वेळ कुठे आहे सर! आणि एकाने तर ठसक्यात लिहिले की आमचे जगणेच कादंबरी आहे, आम्हाला दुसऱ्याची कादंबरी वाचायची गरज काय?

हा ठसका आम्हाला आवडला, पण पटला नाही. आपण कापसाच्या मुलखातली माणसे आहोत. बोंडातून निघालेला कापूस अंगावर घालता येत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सरकी काढावी लागते, सूत काढावे लागते, विणावे लागते. जगणे हा कापूस आहे. तो आपल्या घरात ढिगाने आहे आणि दुसऱ्या कुणापेक्षा जास्त आहे. पण कापड कसे विणतात हे विणलेले कापड पाहूनच कळते. कथा लिहायला शिकवणारी शाळा आपल्या वस्तीत नाही. आपल्या ओळखीत कुणी मोठा साहित्यिक नाही, की ज्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. मग आपला गुरू कोण? छापलेली गोष्ट. ती रात्री अकरा वाजताही शिकवते, फी मागत नाही आणि जात विचारत नाही.

रशियातल्या मॅक्झिम गॉर्कीचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. 1868 साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला. जोड्यांच्या दुकानात राबला, लोकांच्या घरी वरकाम केले, व्होल्गा नदीवरच्या आगबोटीत भांडी घासली. त्या बोटीवरच्या आचाऱ्याकडे पुस्तकांनी भरलेली पेटी होती. स्मूरी त्याचे नाव. भांडी घासून झाली की तो या पोराला जवळ बसवून मोठ्याने वाचायला लावायचा. वाचनाची गोडी लागली ती तिथे.

पुढे मोठा लेखक झाल्यावर, 1928 साली, आपण लिहायला कसे शिकलो हे गॉर्कीने एका लेखात सांगितले. त्यातला एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. सणाचा दिवस होता. गॉर्की लोकांच्या गडबडीपासून दूर एका पडवीच्या छपरावर जाऊन बसला होता आणि फ्लोबेर या फ्रेंच लेखकाची एक गोष्ट वाचत होता. गोष्ट कुणाची? कुठल्या राजाची नव्हे. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी राबलेल्या एका साध्या मोलकरणीची. तिच्या आयुष्यात विशेष असे काही घडत नाही. आणि तरीही गॉर्की हलून गेला. त्याला वाटले, हे शब्द तर माझ्या ओळखीचे आहेत, रोजचे आहेत. मग ही जादू आली कुठून? त्याने पुस्तकाची पाने उचलून उजेडासमोर धरली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. जणू ओळींच्या मागे काहीतरी लपवून ठेवले आहे आणि ते आरपार दिसेल!

मोठेपणी त्याला स्वतःचेच हसू आले असेल. पण आम्हाला विचाराल तर लेखक होण्याची सुरुवात इथे आहे. गोष्ट आवडली म्हणून रडणे-हसणे हे वाचकाचे काम. ती का आवडली म्हणून पान उजेडाला धरणे हे लिहिणाऱ्याचे काम. नवा सदरा पाहून आपण म्हणतो, छान आहे. शिंपी मात्र तो हातात घेतो, उलटा करतो आणि शिवण पाहतो. लिहिणाऱ्याने प्रत्येक गोष्ट अशी उलटी करून पाहिली पाहिजे. म्हणून आम्ही म्हणतो, एकदा गोष्टीसाठी वाचा आणि दुसऱ्यांदा शिवणीसाठी.

आता घरचे उदाहरण घेऊ. अण्णाभाऊ साठे. 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावला जन्म, शाळा जेमतेम दीड दिवसाची. बापाबरोबर मुंबईला आले आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे पाहत पाहत अक्षरे जुळवायला शिकले. म्हणजे अण्णाभाऊंची अंकलिपी मुंबईच्या रस्त्यावर टांगलेली होती! पण पाट्या वाचणारा प्रत्येक जण 'फकिरा' लिहीत नाही. पाट्यांवरून ते पुस्तकांकडे गेले, गॉर्कीकडे गेले. 1959 साली 'फकिरा' आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, आणि 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. लोक त्यांना महाराष्ट्राचा गॉर्की म्हणतात. आपण त्यांच्या जयंतीला मिरवणूक काढतो, पोवाडे लावतो. त्यांच्या कथा घरात किती जणांच्या आहेत?

त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा पुष्कळांनी वाचलेली असेल. नसेल तर ती मिळवा, आणि नंतर हा लेख पुन्हा हातात घ्या, कारण पुढे आम्ही तिची शिवण उसवणार आहोत.

कथेचा नायक भीमा. वारणेकाठच्या गावातून मुंबईला आलेला, पहिलवानी अंगाचा माणूस. डोंगरातल्या दगडाच्या खाणीवर त्याला काम मिळाले होते. खाण बंद पडली. बायको आहे, लहान मुलगी आहे, चूल आहे. एके दिवशी मढी जाळतात तिथल्या राखेत त्याला सोने सापडते. तेव्हापासून तो राखा चाळू लागतो, आणि पुढे पुरलेली मढीही उकरू लागतो.

आता पाहा. आपल्यापैकी कुणी ही कथा लिहिली असती तर सुरुवात कुठून केली असती? वारणेकाठच्या गावापासून. भीमाच्या जन्मापासून. अण्णाभाऊ तसे करत नाहीत. कथा उघडते तेव्हा शेजारच्या गावचा कुणी श्रीमंत माणूस मेल्याची बातमी भीमाच्या कानावर आली आहे, आणि भीमाला आनंद झाला आहे. दुसऱ्याच्या मरणाचा आनंद! वाचक तिथेच अडकतो. हा माणूस असा कसा? या एका प्रश्नाच्या दोरीला धरून लेखक आपल्याला पुढे नेतो. खाण, भूक, राख हे सगळे नंतर येते, जेव्हा ते जाणून घ्यायची आपल्याला घाई झालेली असते. म्हणजे माहिती तीच आहे, फक्त ती कधी द्यायची हे लेखकाला कळलेले आहे. पाव्हण्याला आल्या आल्या घरातले कर्ज सांगत नाहीत. आधी बसायला पाट देतात.

दुसरी शिवण शेवटाला आहे. रात्रीची वेळ, भीमा एकटा, हातात पहार, समोर कोल्ह्यांची झुंड. त्या झुंजीनंतर तो मढे बाहेर काढतो आणि तोंडातले सोने काढताना त्याची बोटे मढ्याच्या दातांत अडकतात. ती दोन बोटे पुढे कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. कथा इथे संपते. मरणाने सोने दिले, पण घामाची भाकरी मिळवून देणारी बोटे घेऊन. हे वाक्य आम्ही लिहिले, अण्णाभाऊंनी असे भाषण केले नाही. त्यांनी दोन घटना एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवल्या आणि ते बाजूला झाले. खाणीची बातमी आठ दिवस आधी आली असती तर कथा उरली नसती. वर्षभराने आली असती तरी उरली नसती.

आणि तिसरी, सर्वांत बारीक. संपूर्ण कथेत लेखकाला भीमाची लाज वाटत नाही आणि त्याची कीवही येत नाही. मढे उकरणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना हे जमणे किती कठीण आहे! हे कसे जमले ते पाहायचे असेल तर दुसरी एक कथा तिच्या शेजारी ठेवून वाचावी लागते. प्रेमचंदांची 'कफन'.

'कफन'ही भुकेची आणि मढ्याचीच गोष्ट आहे. घीसू आणि माधव हे चांभार समाजातले बाप-लेक. झोपडीत माधवची बायको बाळंतपणाच्या कळा देत आहे आणि हे दोघे बाहेर बसून चोरून आणलेले बटाटे भाजून खात आहेत. आत गेलो तर दुसरा जास्त बटाटे खाईल, म्हणून एकही उठत नाही. सकाळपर्यंत ती मरते. मग गावात फिरून कफनासाठी पैसे जमवतात आणि त्या पैशांची दारू पितात. कथा बांधणीला इतकी घट्ट आहे की एक ओळ काढता येत नाही. हिंदीतली ती एक श्रेष्ठ कथा मानली जाते. आणि याच कथेवर दलित लेखक-समीक्षकांनी आक्षेपही घेतले आहेत. कष्टाने ज्यांची हाडे झिजली त्या समाजातली माणसे आळशी आणि निर्दय म्हणून का रंगवली, असा त्यांचा सवाल आहे. प्रेमचंदांची बाजू घेणारे म्हणतात की कष्ट करूनही जिथे पोट भरत नाही तिथे माणूस असा होतो, हेच त्यांना दाखवायचे होते.

आमचे मत विचाराल तर दोन्ही कथा वाचा आणि वाद स्वतः करा. पण वाद करताना एवढे पाहा की दोघांनीही आपापले म्हणणे कुठे ठेवले आहे. घीसू-माधवला काम नको आहे, भीमाला काम हवे आहे. 'कफन'मधली बाई झोपडीच्या आत विव्हळते आणि लेखक बाहेर शेकोटीपाशी थांबतो. तिचे तोंड आपल्याला शेवटपर्यंत नीट दिसत नाही. आपल्यातल्या एखाद्या मुलीने हीच रात्र झोपडीच्या आतून लिहिली तर? असा प्रश्न मनात येणे हीच नव्या कथेची सुरुवात असते. म्हणून ज्या लेखकाशी आपले पटत नाही त्यालाही वाचावे. रागवावे, पण वाचून रागवावे. न वाचता आलेल्या रागातून घोषणा निघते, वाचून आलेल्या रागातून कथा निघू शकते.

बाबूराव बागुलांचे एक शिकण्यासारखे आहे. 1963 साली त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला आणि मराठी कथेला हादरा बसला. नावाची कथा घ्या. नोकरीसाठी परमुलखात आलेला तरुण जात लपवून एका घरात राहतो. सांगणारा 'मी' आहे, त्यामुळे आपल्याला सगळे ठाऊक आहे. घरच्यांना ठाऊक नाही. एवढ्या एका गोष्टीने काय होते पाहा. साधा चहा पुढे आला तरी आपला जीव वर-खाली होतो. कुणी सहज नाव-गाव विचारले तरी वाटते, आता कळणार! मारहाण शेवटी होते, पण भीती पहिल्या पानापासून असते. आमच्याकडे येणाऱ्या कथांत मारहाण पहिल्या पानावर होते आणि पुढे लेखकाकडे काही उरत नाही. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, हे ठरवून मग लिहायला बसावे, हा धडा बागुलांनी कुठल्या वर्गात दिला नाही. तो त्यांच्या कथेत पडलेला आहे, उचलणाऱ्याने उचलावा.

(उचलणे आणि उतरवून काढणे यात मात्र फरक आहे. नामदेव ढसाळांची कविता वाचून आठ दिवसांत पानभर शिव्या लिहिणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. ढसाळांच्या कवितेत शिवी कुठे आणि का येते हे त्यांनी पाहिलेले नसते. चारच दिवसांत हा ताप उतरतो, म्हणून त्याची फार काळजी करू नये. सुरुवातीला प्रत्येक जण कुणाचा तरी सदरा घालूनच फिरतो.)

आता कुणी म्हणेल, हे सगळे मुंबई-नाशिककडचे झाले. आमच्या परभणीत काय आहे?

परभणीत पुष्कळ आहे. बी. रघुनाथांच्या नावाचे सभागृह शहरात आहे. तिथे आपण सभेला जातो, पण हे गृहस्थ कोण हे आपल्या किती मुलांना सांगता येईल? तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोना गावी 1913 साली जन्म. घरच्या परिस्थितीने शिक्षण मॅट्रिकवर थांबले आणि निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करली. दरबाराची भाषा उर्दू, आणि हा माणूस घरी येऊन मराठीत कथा, कादंबऱ्या, कविता लिहायचा. चाळिशीतच, 7 सप्टेंबर 1953 रोजी, ते गेले. तेवढ्या आयुष्यात सात कादंबऱ्या. नोकरी आहे, वेळ मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्यांचा फोटो टेबलावर ठेवावा.

सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे आसाराम लोमटे आपल्या डोळ्यांदेखत लिहीत आले. 'आलोक' या त्यांच्या कथासंग्रहाला 2016 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याच भागातली गावे, शेत, राजकारण, पिचलेली माणसे. त्यांच्या कथा वाचताना एक काम करा. निवेदनाची भाषा कुठली आणि माणसांच्या तोंडची कुठली, हे पेन्सिलीने खुणा करत जा. आपल्या नवोदितांचा इथे मोठा घोटाळा होतो. निरक्षर आजीच्या तोंडी ते 'परंतु' आणि 'त्याचप्रमाणे' घालतात! आजी 'कामून रे लेकरा' म्हणते, हे त्यांना ठाऊक असते, पण छापायचे म्हणून ते आजीला पुणेरी लुगडे नेसवतात. आपल्या मायची बोली छापता येते आणि ती छापल्यावर तिची शोभा वाढते, हे दुसऱ्याच्या पुस्तकात पाहिल्याशिवाय धीर होत नाही.

आणि 1995 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरले ते जुन्या वाचकांना आठवत असेल. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. मुंबईच्या एका गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून घरी आणून वाढवलेले पोर. शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवली, मग स्वतः शिकून शिक्षक झाले. त्यांच्या 1966 सालच्या संग्रहाचे नाव 'माझे विद्यापीठ'. गॉर्कीच्या आत्मकथेच्या तिसऱ्या भागाचे नाव 'माझी विद्यापीठे'. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही अशा दोन माणसांना हा एकच शब्द सुचावा यात आम्हाला नवल वाटत नाही. ज्या शहरात असा माणूस संमेलनाचा अध्यक्ष म्हणून येऊन बसला तिथल्या मुलाने 'आमच्यासारख्यांना कोण विचारतो' असे म्हणू नये.

आता दोन शब्द आईबापांशी. तक्रार मुलांकडूनच आलेली आहे. घरात गोष्टीचे पुस्तक दिसले की ऐकावे लागते, अभ्यासाचे वाच, याने पोट भरणार आहे का? तुमची काळजी आम्हाला कळते. पोलीस भरती आहे, तलाठ्याची परीक्षा आहे, घरात कमावते हात दोन आणि खाणारी तोंडे सात आहेत. पण वाचणाऱ्या पोराचा अभ्यास बुडतो हे काही खरे नाही. ज्याला पानामागून पान वाचायची सवय आहे त्याला प्रश्नपत्रिकेतला लांब उतारा भिववत नाही, आणि निबंध लिहिताना त्याला गाईडकडे पाहावे लागत नाही. रोज अर्धा तास त्याला द्या. सहा डिसेंबरला आपण मुंबईला जातो, शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, चौदा ऑक्टोबरला नागपूरला लागतात. आपला माणूस उपाशी राहील पण तिथून रिकाम्या हाताने येणार नाही. बाबासाहेबांचा ग्रंथ येतो, फोटो येतो, कॅलेंडर येते. त्या पिशवीत एक कथासंग्रहही येऊ द्या.

मुलींच्या बाबतीत तर आम्ही हात जोडून सांगतो. मुलगा वाचत बसला तर घर गप्प राहते. मुलगी बसली की भाकरी, भांडी, पाणी सगळे एकदम आठवते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे छोटे दुकान होते. सामान बांधायला जो रद्दी कागद यायचा तो त्या पुडी बांधण्यापूर्वी वाचून घ्यायच्या. लिहीत होत्या तेही चोरून, वह्या घरच्यांच्या नजरेआड दडवून, कित्येक वर्षे. 1986 साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले आणि आज ते परदेशातल्या विद्यापीठांतही वाचले जाते. आपण अभिमानाने हे सांगतो. पण त्या वह्या दडवून ठेवाव्या लागल्या होत्या, हेही त्याच दमात सांगावे. आपल्या घरात आज कुणाची वही गादीखाली आहे काय, हे एकदा पाहा.

पुस्तके कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे, पुष्कळ मोठ्या खेड्यांतही आहे. अनामत आणि महिन्याची वर्गणी मिळून सिनेमाच्या एका तिकिटाहून फार जास्त होत नाही. विहारात कपाट असेल तर त्यात ग्रंथांशेजारी कथांनाही एक खण द्या आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो संध्याकाळी घरी सापडेल एवढे पाहा. किल्लीवाला लग्नाला गेला म्हणून महिनाभर बंद राहिलेली कपाटे आम्ही पाहिली आहेत!

वाचायचे कसे, ते थोडक्यात. पहिल्यांदा सरळ वाचा, कुठेही थांबू नका, रडू आले तर रडा. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग वही घेऊन बसा. पहिल्या परिच्छेदात लेखकाने काय सांगितले ते एका ओळीत लिहा, आणि काय सांगितले नाही ते दुसऱ्या ओळीत. दुसरी ओळ जास्त उपयोगाची आहे. माणूस गरीब आहे हे 'गरीब' शब्द न वापरता लेखकाने कुठे दाखवले ते शोधा. एखाद्या चांगल्या कथेत हा शब्द एकदाही सापडत नाही, आपल्या कथेत तो मोजून पाहा. ज्या ठिकाणी घशात आवंढा आला ते वाक्य शोधा, आणि मग त्याच्या आधीची चार वाक्ये वाचा. काम त्या चार वाक्यांनी केलेले असते.

आणि मग आपली स्वतःची कथा, जी पाकिटात घालून पाठवायची आहे, ती अशीच परक्याची म्हणून वाचा. पहिले पान झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहा. कथा तिथूनच सुरू होत असेल तर पहिले पान फाडायला हरकत नाही. ते लिहिताना हात मोकळा झाला, त्याचे काम संपले. शेवटचे भाषण काढून पाहा. आई उभी राहिली का? ती काय नेसली होती, तिच्या हाताला कशाचा वास येत होता, ती रागावली की कुठला शब्द वापरायची? आमच्याकडे आलेल्या एका कथेत असेच सगळे ओळखीचे होते. मात्र मध्येच एक ओळ होती. मजुरीचे पैसे घेताना आई ते दोनदा मोजायची, आणि मुकादम समोरून गेल्यावर तिसऱ्यांदा. ती ओळ आम्ही अजून विसरलो नाही. त्या मुलीला आम्ही कळवले की बाकीची सहा पाने बाजूला ठेव आणि या ओळीपासून पुन्हा लिही.

पुढच्या अंकापर्यंत एवढे करा. 'स्मशानातील सोनं' किंवा हाती लागेल ती कुठलीही कथा घ्या, शेवटचे पान घरातल्या कुणाला तरी चिमटीत धरायला सांगा आणि तिथवर वाचून शेवट स्वतः लिहा. मग पान उघडा. तुमचा शेवट आणि लेखकाचा शेवट यात काय फरक पडला ते एका पोस्टकार्डावर मावेल एवढ्यात आम्हाला लिहून पाठवा. निवडक पत्रे याच जागी छापू.